घरच्या माणसाचं प्लास्टर

हाडांच्या दवाखान्यात डॉक्टर बदलतात, सिस्टर बदलतात, भिंतींचे रंगसुद्धा बदलतात. प्लास्टरच्या खोलीतला माणूस सहसा बदलत नाही. या दवाखान्यातलाही बदलला नव्हता. त्याला सगळे प्लास्टरमामा म्हणायचे. सख्खी भाची त्याला एकच, पण मामा म्हणून हाक अख्खा दवाखाना मारायचा, आणि हा गृहस्थ प्रत्येक हाकेला ओ द्यायचा.

तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी त्याची खोली होती. मधोमध रबरी चादर घातलेलं उंच लोखंडी टेबल, कोपऱ्यात खोल सिंक, कपाटात कापसाचे रोल आणि प्लास्टरच्या पट्ट्यांचे डबे, आणि भिंतीला टांगलेलं प्लास्टर कापायचं मशीन. या सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा एक थर कायमचा बसलेला. मामाच्या भुवयांवर भुकटी, घड्याळाच्या काचेवर भुकटी, चहाच्या कपाच्या कानावर भुकटी. "तुम्ही नक्की दवाखान्यातच जाता ना, की पिठाच्या गिरणीत?" असं बायको शर्ट धुताना विचारायची. लग्न झाल्यापासून ती हेच विचारत आली होती आणि मामा दर वेळी हसत आला होता. काही संसार असल्या एकाच विनोदावर नीट चालतात.

मुळात तो इथे स्ट्रेचर ढकलायला लागला होता. तेव्हाच्या प्लास्टरवाल्याचे गुडघे गेले होते, त्याला बादलीतून पट्ट्या काढून द्यायला कुणीतरी हवं होतं. पट्ट्या देता देता मामा शिकला. पट्टी पाण्यात कधी सोडायची, बुडबुडे थांबल्यावर कशी पिळायची, हातावर फिरवताना ताण कुठे द्यायचा आणि कुठे नुसती लोळू द्यायची, हे सगळं त्याच्या बोटांत जाऊन बसलं. शेवटी तो ओल्या प्लास्टरवरून तळहात असा फिरवायचा की सुकल्यावर त्यावर एक सुरकुती दिसू नये. नवे डॉक्टर म्हणायचे, "मामा, तुमचं प्लास्टर काढायला जिवावर येतं हो." मामा म्हणायचा, "काढू नका. हाड जुळलं तरी राहू द्या, शोभेला."

लहान मुलं त्या कापायच्या मशीनचा आवाज ऐकूनच टाहो फोडायची. मग मामा चालू मशीन स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवायचा. "बघ, हे टणक कापतं, मऊ कापत नाही. मी मऊ, तूही मऊ. कापणार कुणाला?" मूल रडायचं थांबायचं, आई कृतज्ञतेनं बघायची, आणि मामाची छाती थोडी फुगायची. आता कौतुकाला कुणी नाही म्हणत नाही. पण ते रोज मिळायला लागलं की पगारासारखं हक्काचं वाटतं, आणि हक्काच्या गोष्टीसाठी माणूस सावध राहत नाही. मामाचं असंच झालं होतं, फक्त ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? सगळ्यांचेच भाचे-पुतणे कधी ना कधी त्याच्या टेबलावर येऊन गेलेले.

त्या खोलीत दोन नियम होते. पहिला असा, की ताज्या मोडलेल्या हाताला लगेच पक्कं प्लास्टर घालायचं नाही. आधी कच्चं, म्हणजे एका बाजूनं टणक पट्टी आणि वरून साधं बँडेज. मोडल्यावर हाताला सूज येते. कच्च्यात तिला पसरायला जागा मिळते. सूज ओसरली की मग चहूबाजूंनी बंद असं पक्कं. दुसरा नियम बाहेरच्या बाकाचा. प्लास्टर झालं की पेशंटनं त्या बाकावर बसायचं. थोड्या वेळानं सिस्टर यायची, बोटाचं नख दाबून पांढरं करायची आणि परत गुलाबी होतंय का ते बघायची, बोटं हलवायला लावायची. मग मामा दारात उभा राहून ठरलेलं वाक्य म्हणायचा, "दुखणं वाढलं, मुंग्या आल्या, बोटं जड झाली, रंग बदलला, तर विचार करत बसायचं नाही. लगेच यायचं." हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेत उठवलं असतं तरी म्हटलं असतं.

आणि या दोन्ही नियमांना एक पळवाट होती. घरची माणसं. दवाखान्यातल्या कुणाच्याही नात्यातलं कुणी पडलं-झडलं की त्याला मागच्या दारानं आणायचं. रांग नाही, बाक नाही, उगाच खेपा नाहीत. सगळेच असं करत, आणि प्रेमानं करत. फक्त रांग, बाक आणि खेपा हा नुसता त्रास नसून त्यातच पेशंटची राखण असते, हे प्रेमाच्या भरात कुणाच्या डोक्यात येत नसे. आपल्या माणसाला आपण त्रासातून सोडवतो आणि राखणीतूनही सोडवतो.

मामाला मोठी बहीण होती. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा या ताईनंच त्याला वाढवला. ती शिवणकाम करायची. लहानपणी तो तिच्या मशीनखाली चिंध्यांत झोपायचा, पायडलच्या तालावर. दवाखान्यात त्याला चिकटवलाही तिनंच. तेव्हाच्या मोठ्या सिस्टरचे कपडे ती शिवायची, आणि माप घेता घेता तिनं भावाचं नाव पुढे सरकवलं होतं. ताईचं तोंड कधी बंद नसायचं. दोरा कच्चा निघाला, बस उशिरा आली, शेजारणीनं कचरा आपल्या दारात लोटला, प्रत्येक गोष्टीवर तिची तक्रार तयार. फक्त भावाबद्दल तिची तक्रार नव्हती. "आमचा बारक्या हाडांच्या दवाखान्यात आहे. डॉक्टर नुसतं सांगतात, हाड बसवतो तो," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. हे धडधडीत खोटं होतं. मामाला ते माहीत होतं, आणि त्यानं ते कधीही दुरुस्त केलं नव्हतं.

तर ही ताई एक दिवस कापडाचं ठाण काढायला स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. उजवं मनगट मोडलं. भाची तिला घेऊन दवाखान्यात आली तेव्हा भर दुपार होती. मामानं मागचं दार उघडलं.

छोट्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, इंजेक्शन देऊन मनगट बधिर केलं, ओढून हाड जागेवर आणलं. शिकाऊ असले तरी हात चांगला होता पोराचा. "कच्चं लावा मामा, सूज बरीच येईल. उद्या दाखवायला सांगा," म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडे पळाले.

मामानं पट्टी हातात घेतली आणि ताई म्हणाली, "उद्या परत? अरे, दोन बस बदलून येते मी. दुकान कोण बघणार? काय ते आजच घाल ना एकदाचं. तू असताना मला कशाला खेपा?"

तो नाही म्हणू शकला असता. शंभर पेशंटना म्हणाला होता. पण ताई प्रथमच त्याच्या टेबलावर बसली होती, त्याच्या खोलीत, त्याच्या राज्यात. जिनं आयुष्यभर त्याचं कौतुक न बघता केलं होतं, तिला आज बघायला मिळणार होतं. आणि कच्चं प्लास्टर दिसायला अगदीच गबाळं असतं, बँडेज गुंडाळलेला सोटा. मामानं कापूस गुंडाळला, पट्ट्या भिजवल्या आणि पक्कं घातलं. कोपराखालपासून बोटांच्या मुळापर्यंत. त्यावरून त्यानं तळहात असा फिरवला, असा फिरवला, की आजवर त्या खोलीत तसलं प्लास्टर झालं नसेल.

"अगं बाई," ताई म्हणाली, "हे तर इस्त्री केल्यासारखं झालंय."

बाकावर कोण बसतं? घरचं माणूस. मामानं रिक्षा बोलावून तिला बसस्टॉपपर्यंत पोचवलं. ते ठरलेलं वाक्य त्यानं तिला सांगितलं नाही. दारात उभं राहून परक्यासारखं बहिणीला काय सांगायचं?

संध्याकाळी तो घरी चहा घेत होता तेव्हा ताईचा फोन आला. "बारक्या, बोटं जड झालीत रे. मुंग्या येतायत. आणि ठणका असा, की शब्द फुटत नाहीये."

"शब्द फुटत नाहीये तर बोलतेयस कशी?" मामा म्हणाला. शेजारी बायको हसली, म्हणून त्याला आणखी चेव आला. "अगं, हाड मोडलंय. मग काय गुदगुल्या होणार? उशीवर हात उंच ठेव आणि गोळी घे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. काही वेळानं भाचीचा फोन आला. आई कळवळतेय, बोटं सुजलीत, येऊ का आम्ही? मामा म्हणाला, "तुझी आई सुई टोचली तरी अख्खी गल्ली गोळा करते. सकाळपर्यंत उतरेल." त्यानं फोन ठेवला आणि तो जेवायला बसला. व्यवस्थित जेवला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटायची, की आपण त्या संध्याकाळी व्यवस्थित जेवलो होतो.

सकाळी तो कामावर आला तर ताई आणि भाची त्याच्या खोलीच्या दाराशी उभ्या. ताई बोलत नव्हती. त्यानं आधी बोटांकडे बघितलंच नाही, बहीण गप्प आहे एवढं बघूनच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग बोटं बघितली. टम्म फुगलेली, निळसर, गार. त्यानं नख दाबलं. पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. त्यानं एक बोट जरासं सरळ करायचा प्रयत्न केला आणि ताई अशी ओरडली की एक्स-रेच्या रांगेतली माणसं आत डोकावली.

त्यानं भिंतीवरचं मशीन खाली घेतलं. आपलंच गुळगुळीत प्लास्टर त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडलं, आतला कापूस कात्रीनं कातडीपर्यंत कापला आणि छोट्या डॉक्टरांच्या नावानं हाका मारत कॉरिडॉरमध्ये धावला.

मोठ्या मॅडम स्वतः आल्या. हाडांच्या विभागाच्या प्रमुख. आवाज कधी न चढवणाऱ्या, त्यामुळे सगळे टरकून असलेल्या. त्यांनी हात दाबून बघितला, बोट ताणून बघितलं आणि सिस्टरला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. "सूज आतल्या आत वाढलीय," त्या ताईला म्हणाल्या, "बाहेरून जागा मिळाली नाही, त्यामुळे रक्त पुढे पोचत नाही. हात उघडून आतला दाब मोकळा करावा लागेल. आत्ताच. पक्कं कुणी घातलं?"

"मी," मामा म्हणाला.

"मी हट्ट धरला," ताई लगेच म्हणाली. "तो नको नको म्हणत होता. खेपा वाचाव्यात म्हणून मीच मागे लागले."

मॅडमनी मामाकडे एकदाच बघितलं. "त्याचं नंतर बोलू. ताई, रात्री दुखत होतं ना? खूप?"

"हो."

"मग कुणाला सांगितलंत?"

भाचीनं तोंड उघडलं. ताईनं चांगला हात पुढे करून तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "नाही. कुणालाच नाही. म्हटलं, हाड मोडलंय, दुखायचंच."

मामा तिथेच उभा होता, टेबलाला टेकून. कालचं सगळं त्याच्या ओठांवर होतं आणि ते तिथेच राहिलं.

"असं कसं गप्प बसलात?" मॅडमचा आवाज त्या दिवशी प्रथमच चढला. "तुम्ही बायका सगळं सोसत बसता आणि आम्ही हात घालवून बसतो. काल संध्याकाळी आला असता तर प्लास्टर फाडण्यावर भागलं असतं. नुसतं एकदा तोंड उघडायचं होतं."

"चुकलं," ताई म्हणाली. आयुष्यात हा शब्द तिनं त्याआधी कधी उच्चारला असेल का, कुणास ठाऊक. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे?

हात वाचला, म्हणजे कापावा लागला नाही. बोटं गुलाबी झाली, पण मिटेनात, आणि टोकांना काही कळेना. आतले स्नायू बराच वेळ रक्तावाचून राहिले होते. कोपराखाली लांबच लांब जखम उघडी ठेवलेली, ती सूज उतरल्यावर शिवायची होती. "काही परत येईल, काही येणार नाही," मॅडमनी मामाला त्यांच्या खोलीत बोलावून सांगितलं. "कात्री धरायचं आत्ताच बोलू नका. आणि मामा, पक्कं घातलंत ही तुमची चूक. ती मी लिहिणार आहे. पण पेशंटनंही बोलायला हवं ना? सख्खा भाऊ इथे आहे, त्यालाही फोन केला नाही."

खरं बोलायला आयतं दार उघडं होतं. फक्त एक वाक्य हवं होतं. मामा म्हणाला, "हं."

त्या 'हं'नं त्याचा पिच्छा धरला. बहिणीनं पांघरूण घातलं ते तिच्या मायेपोटी, पण त्याखाली झोपणारा तर आपणच ना? कामाला आला की त्याला वाटायचं सगळे आपल्याकडे बघतायत. कुणी बघत नव्हतं, सगळे ताईकडे बघत होते. ताई वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होती. हात लोखंडी दांड्याला उंच टांगलेला. ड्रेसिंगची सिस्टर नव्या पेशंटना बजावायची, "दुखलं की बोलायचं, त्या खिडकीतल्या ताईंसारखं करायचं नाही." कुणीतरी तिचं नावच पाडलं, मुक्या ताई. जिच्या बडबडीनं दुकानातली गिऱ्हाइकं घड्याळाकडे बघायची, तिला मुक्या ताई! आणि ताई त्या नावालाही हसून मान डोलवायची. एक म्हातारी पेशंट तर येताजाता तिला उपदेश करायची, की पोरी, लाज कसली, दुखणं सांगावं. "हो हो, मावशी," ताई म्हणायची.

हे सगळं मामा चहाचा कप घेऊन खाटेशी उभा राहून ऐकायचा. कप तिच्या डाव्या हातात द्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

भाची त्याच्याशी बोलत नव्हती. एकदा जिन्यात दोघं समोरासमोर आले, बाजूनं निघून जायला जागा नव्हती, तेव्हा बोलली.

"मामा, मी फोन केला होता तुला."

"माहीत आहे."

"आई म्हणते, मी तोंड उघडलं तर ती माझं तोंड बघणार नाही. म्हणून मी गप्प आहे. तुला कोण गप्प बसवतंय?"

तो जिन्यातच उभा राहिला. ती खाली निघून गेली. खरं उत्तर त्याच्याकडे होतं. नोकरी जाईल ही भीती होती, पण ती मागाहूनची. आधीची भीती वेगळीच होती. तो विनोद लोकांसमोर परत सांगावा लागेल, ही.

आणि नेमकं तेच झालं. त्या आठवड्यात मॅडमची फेरी होती. मॅडमच्या मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, सिस्टर, आणि ताईचा हात उतरवून धरायला मामा. मॅडम पोरांना समजावत होत्या, "इथे काय शिकायचं? प्लास्टर घट्ट झालं, ते एक. पण धोक्याची सगळी लक्षणं होती आणि पेशंटनं रात्रभर कुणालाही सांगितलं नाही. म्हणून पेशंटला बोलतं करायला शिका. ही ताईंची केस—"

"तिनं सांगितलं होतं," मामा म्हणाला.

ताईचा हात त्याच्या दोन्ही हातांत होता. "बारक्या," ती दबक्या आवाजात म्हणाली, "गप्प बस."

"संध्याकाळी फोन केला होता तिनं. मला. मग भाचीनं केला. तोही मलाच."

मॅडमनी विचारलं, "काय सांगितलं होतं?"

"बोटं जड झालीत. मुंग्या येतायत. ठणकतंय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

हे त्याला चुकवता आलं असतं. गोळी घ्यायला सांगितली, एवढंच म्हणता आलं असतं. पण एकदा बांध फुटला होता. "मी म्हणालो, हाड मोडलंय, मग काय गुदगुल्या होणार?"

शब्द तेच होते. घरी बायको हसली होती. इथे कुणी हसलं नाही. छोटे डॉक्टर, ज्यांनी कच्चं लावा म्हणून सांगितलं होतं, ते खाली फरशीकडे बघायला लागले. मामाला वाटलं, धरणी दुभंगावी. फरशीनं तसं काही केलं नाही. फरश्या असल्या वेळी कामाला येत नाहीत.

"मामा," मॅडम म्हणाल्या, "बाकावरच्या पेशंटना तुम्ही रोज काय सांगता?"

"दुखणं वाढलं," मामानं सुरुवात केली, "मुंग्या आल्या, बोटं जड झाली..." आणि पुढे त्याला म्हणता येईना. झोपेतसुद्धा येणारं ते वाक्य तिथेच तुटलं. मॅडम थांबल्या, पुरेसा वेळ थांबल्या. मग ताईकडे वळून म्हणाल्या, "मी तुम्हाला ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. माझं चुकलं." आणि घोळका पुढच्या खाटेकडे सरकला. मामाला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. चौकशी झाली, लेखी समज मिळाली, डॉक्टर शेजारी उभे असल्याशिवाय त्यानं एकही प्लास्टर घालायचं नाही असं ठरलं. मागच्या दाराला कुलूप लागलं; आता कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांनीही रांगेत उभं राहायचं आणि बाकावर बसायचं. काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मामाला वाटायचं. निदान रोज त्याच खोलीत त्याच टेबलासमोर उभं राहावं लागलं नसतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी फेरी पुढे गेल्यावर त्यानं ताईचा हात हळूच परत दांड्याला टांगला आणि वाट बघत राहिला. पाठ थोपटणार नाही हे त्याला कळत होतं, पण काहीतरी म्हणेल, रडेल, शिव्या तरी घालेल.

"झालं?" ताई म्हणाली. "हलकं वाटलं?"

त्यानं तिची चादर सारखी केली.

"तुला हलकं वाटलं. मला काय मिळालं रे? मूर्ख बाई म्हणून ऐकून घेत होते, ते मला जड नव्हतं. चार दिवसांत घरी गेले असते, कोण ओळखतंय मला इथे? पण माझ्याकडे लोकांना सांगायला एक गोष्ट होती. माझा भाऊ. आता दुकानात कुणी विचारलं हाताला काय झालं, तर काय सांगू?" आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. "जा. काम असेल तुला."

जखम शिवली गेली. ताई घरी गेली. दुकान भाची बघू लागली. तिला बटणं लावता यायची, कापड कापता यायचं नाही, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली. ताई व्यायामाला यायची. रांगेत उभी राहायची, बाकावर बसायची. बोटं थोडी मिटायला लागली, चमचा धरण्याइतकी. कात्रीच्या कडीत बोट जायचं, पण दाबायला जोर नसायचा, आणि सुई बोटांत आहे की पडली हे तिला बघूनच कळायचं. मामाशी ती बोलायची. हवापाणी, बस, शेजारीण, सगळं. तक्रारी पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि ते ऐकून मामाला बरं वाटायचं.

मग व्यायामाच्या बाईंनी सांगितलं, बोटं आखडतायत, रात्री सरळ राहावीत म्हणून हाताखाली प्लास्टरची पट्टी बनवून घ्या. कच्चीच. छोटे डॉक्टर ताईला घेऊन प्लास्टरच्या खोलीत आले आणि दारात घुटमळले. "मी लावतो," ते मामाला म्हणाले, "तुम्ही नुसत्या पट्ट्या द्या."

"तुम्ही कशाला?" ताई मोठ्यानं म्हणाली, बाहेर बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "माझा भाऊ असताना? त्याच्यासारखं प्लास्टर या दवाखान्यात कुणाला जमत नाही. तुम्ही बघा बाजूला उभं राहून, शिकायला मिळेल."

छोट्या डॉक्टरांनी मामाकडे बघितलं आणि बाजूला उभे राहिले. मामाचे डोळे भरून आले, ते त्यानं बाहीला पुसले आणि भुकटी डोळ्यांत गेली. त्यानं बादलीत पाणी घेतलं, कोपर बुडवून बघितलं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं. कोमट होतं. त्यानं कापूस पसरला, पट्टीच्या घड्या घातल्या, भिजवली, पिळली. ताई टेबलावर बसली होती, बाही कोपरापर्यंत सरकवून, तो लांब गुलाबी व्रण उघडा टाकून, आणि डॉक्टरांना सांगत होती, की लहानपणी हा कसा मशीनखाली झोपायचा.

मामानं ओल्या हातांनी तिचा हात धरला.

आणि तो हात निसटला. ताईनं काढून घेतला असं नाही, तो आपणहून निघाला. झटक्यात मागे गेला, छातीशी जाऊन बसला, आणि दुसऱ्या हातानं त्याला वरून झाकला. ताई बोलता बोलता अर्ध्यावर थांबली. तिनं आपल्याच हाताकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा लाजेनं लाल झाला, काहीतरी वाईट करताना सापडल्यासारखा.

"अगं बाई," ती घाईघाईनं हसली, "पाणी किती गार आहे रे!"

"हो गं," मामा म्हणाला, "गारच आहे." त्यानं ती कोमट पाण्याची बादली उचलली आणि तो ती बदलून आणायला गेला.